तुमच्या कंपनीच्या नावाने भलताच कोणी मेल पाठवला तर?

जालन्याचं स्टील आणि बियाणं राज्याबाहेरही जातं. अशा व्यवहारात कोटेशन, ऑर्डर, बिल बहुतेकदा ईमेलवरच फिरतं. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीला दोन गोष्टी छळतात. पाठवलेलं बिल ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडतं, आणि कंपनीच्या नावाने कोणीतरी 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल धाडून पैसे वळवू शकतं.

हे शक्य कसं होतं?

ईमेल पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत 1982 सालची. पाठवणाऱ्याचं नाव खरं की खोटं, हे तपासायची सोय तिच्यात नव्हती. पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहावं, तसंच हे.

उपाय काय?

डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी लागतात. एसपीएफमध्ये आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी असते. डीकेआयएममुळे मेलवर डिजिटल सही होते, वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. तिसरी नोंद डीमार्क. तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, हे ती समोरच्या सर्व्हरला सांगते.

खरी गोम इथेच आहे. डीमार्क 'नन'वर ठेवलं तर फक्त अहवाल येतात, खोटे मेल अडत नाहीत. सुरुवात 'नन'नेच करावी, कारण वेबसाइट किंवा बिलिंग सॉफ्टवेअर दुसऱ्याच सर्व्हरवरून मेल पाठवत असेल तर ते अहवालातून कळतं. ते दुरुस्त झालं की 'क्वारंटाइन' आणि मग 'रिजेक्ट'. अनेकांचं गाडं मात्र 'नन'वरच अडतं.

फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी बंधनकारक केल्या. जीमेलसाठी ही मर्यादा दिवसाला 5,000 मेलची आहे. मे 2025 पासून आउटलुकनेही तोच रस्ता धरला. छोट्या कंपनीवर सगळी सक्ती नसली, तरी नोंदी नसतील तर तिचा मेल संशयितच ठरतो. शिवाय एका कर्मचाऱ्याचा कच्चा पासवर्ड फुटला आणि सर्व्हरवरून स्पॅम सुटला, तर आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि कंपनीचे खरे मेलही अडकतात.

मग धोका संपला?

नाही. 2015 मध्ये ओएनजीसीचं प्रकरण गाजलं. सौदी अरामकोला विकलेल्या नाफ्थाचे सुमारे 197 कोटी रुपये भामट्यांच्या खात्यात वळवले गेले. त्यांनी वापरलेल्या पत्त्यात 'ओएनजीसी'ऐवजी 'ओजीएनसी' होतं. अक्षरांची नुसती अदलाबदल! असं डोमेन भामट्याच्याच मालकीचं असतं, त्यामुळे त्याच्या तिन्ही नोंदी बिनचूक असू शकतात. तिथे सर्व्हर काहीच करू शकत नाही.

म्हणून खातं बदलल्याचा मेल आला, तर मेलमधल्या नव्हे, आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर तक्रार करायची, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची शक्यता असते.