हार्ट अटॅकनंतर माणूस ‘कामातून जातो’ का?

१४ डिसेंबर २०२३. मुंबईत शूटिंग आटोपून घरी परतलेल्या अभिनेते श्रेयस तळपदे यांना हार्ट अटॅक आला. वय ४७. त्यांच्यावर अँजिओप्लास्टी झाली. वर्षभरात ‘पुष्पा २’ आला आणि हिंदीत अल्लू अर्जुनच्या तोंडी पुन्हा तळपदेंचाच आवाज होता.

आता समजा, नागपूरच्या सदरमधले पन्नाशीचे एक दुकानदार स्टेंट टाकून घरी आले. गल्ल्यावर मुलगा बसतो. जिना बंद, पिशवी उचलणं बंद. “बाबा, तुम्ही फक्त आराम करा.” काळजीपोटीच म्हटलेलं, पण बाबांना ऐकू येतं ते एवढंच: आपण आता कामाचे राहिलो नाही.

मनातल्या या चित्रानं काय फरक पडतो?

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांना स्वतःच्या हृदयाचं चित्र काढायला सांगितलं. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी हृदय जास्त बिघडलेलं दाखवलं, ते कामावर उशिरा परतले. हृदयाची इजा मोजणाऱ्या ट्रोपोनिन या रक्तचाचणीपेक्षा हे चित्रच रिकव्हरीचा जास्त चांगला अंदाज देत होतं.

त्याच गटाच्या २००२ मधल्या अभ्यासात काही रुग्णांना हॉस्पिटलमध्येच आजार नीट समजावून सांगितला. ते इतरांपेक्षा लवकर कामावर गेले.

मग डिस्चार्जच्या वेळी काय विचारायचं?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होऊ शकते. पण आजार समजून घेणं हाही उपचारच आहे. म्हणून घरच्यांसमोरच विचारा:

• हृदयाचं पंपिंग किती आहे?
• रोज किती चालायचं, कसं वाढवायचं?
• जिना, गाडी, दुकान, शरीरसंबंध कधीपासून?
• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती महिने? (मनानं बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.)
• छातीत पुन्हा दुखलं तर काय? (थांबू नका, १०८ ला फोन करा.)

हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येतं. दोन आठवडे उदासी हटली नाही, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि घरच्यांनो, डॉक्टरांनी हो म्हटलं की बाबांना गल्ल्यावर बसू द्या. सुरुवातीला तासभरच सही.