चित्रपटातून परका देश कळतो का?

‘चित्रपट हा समाजाचा आरसा आहे’ हे वाक्य आपण निबंधांतून इतक्या वेळा लिहिले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज आता कोणालाच वाटत नाही. परक्या देशाच्या बाबतीत तर ते फारच सोयीचे ठरते. दोन तास पडद्यासमोर बसावे, तळाची इंग्रजी उपशीर्षके वाचावीत आणि तो देश आपल्याला कळला असे समजावे! माझे मत थोडे निराळे आहे. चित्रपटातून परकी संस्कृती कळते, यात शंका नाही. परंतु चित्रपट हा फार तर एक साक्षीदार आहे. आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावीच लागते. उदाहरणादाखल इराणचा चित्रपट घेऊ.

अब्बास किआरोस्तामी यांच्या १९८७ च्या एका चित्रपटाचे नाव ‘मित्राचे घर कोठे आहे?’ या अर्थाचे आहे. मूळ फारसी नावातला ‘दोस्त’ तर आपलाच. आणि घर या अर्थाचा त्यातला शब्द म्हणजे आपल्या कारखान्यातला, दवाखान्यातला ‘खाना’. उत्तर इराणमधील कोकेर गावचा अहमद हा शाळकरी मुलगा. वर्गमित्राची वही चुकून त्याच्याकडे येते. पुन्हा वहीत गृहपाठ दिसला नाही, तर मित्राला शाळेतून काढू, अशी मास्तरांची तंबी. म्हणून वही परत करायला तो शेजारच्या गावी धावतो. गोष्ट एवढीच. पण वाटेत आजोबा त्याला अडवतात आणि सिगारेटी आणायला घरी पिटाळतात. वास्तविक सिगारेटी त्यांच्याजवळ असतात! पोराला सांगितलेले ऐकण्याची सवय लागावी, एवढाच हेतू. वडीलधाऱ्यांच्या धाकाविषयी येथे कोणी व्याख्यान देत नाही. म्हणूनच ती साक्ष खरी वाटते. आणि हे पाहताना आपल्या गावाकडचे एखादे आजोबा आठवले नाहीत, असा प्रेक्षक विरळाच.

असगर फरहादी यांच्या २०११ च्या ‘अ सेपरेशन’मध्ये असाच एक प्रसंग आहे. एका मध्यमवर्गीय घरात स्मृती गेलेल्या म्हाताऱ्याला सांभाळायला एक गरीब, श्रद्धाळू बाई येते. म्हाताऱ्याचे कपडे खराब होतात. परपुरुषाला हात लावून त्याला स्वच्छ केले तर पाप लागेल का, हे ती आधी दूरध्वनीवरून विचारून घेते. तिचा धर्म घोषणांतला नव्हे. तो तिच्या रोजच्या कामात, मनाच्या टोचणीत आहे. वर्तमानपत्रांतील इराणच्या बातम्या वाचून ही बाई आपल्याला कधीच भेटली नसती.

आता उलटतपासणी. या चित्रपटांतील स्त्रिया स्वतःच्या घरात, नवऱ्या-मुलांसमोरही डोके झाकूनच वावरतात. नवरा-बायको एकमेकांचा हात हाती घेत नाहीत. यावरून कोणी इराणी कुटुंबे अशीच अवघडलेली असतात असा निष्कर्ष काढला, तर तो साफ चुकेल. घरात, जवळच्या नातलगांसमोर तेथील स्त्रिया डोके झाकत नाहीत. पडद्यावर दिसते ती १९७९ च्या क्रांतीनंतर चित्रपटांवर आलेली बंधने! म्हणजे ज्या दृश्याला आपण संस्कृती समजू, ते दृश्य खरे तर कायद्याचे असते. शिवाय जे दाखवू दिले गेले नाही, त्याचे काय? मुलांचा वेश करून फुटबॉलचा सामना पाहायला जाणाऱ्या मुलींवर जाफर पनाही यांनी २००६ मध्ये ‘ऑफसाइड’ काढला. त्याला इराणमध्ये बंदी झाली. पुढे २०१० मध्ये खुद्द पनाहींनाच वीस वर्षे चित्रपट न काढण्याची शिक्षा सुनावण्यात आली.

आणखी एक गोष्ट. आपल्यापर्यंत येतात ते बहुधा महोत्सवांतून निवडलेले चित्रपट. एखाद्या तेहरानकराने फक्त ‘श्वास’ पाहिला, किंवा फक्त ‘सैराट’ पाहिला, आणि ‘मला महाराष्ट्र कळला’ असे म्हटले, तर आपण त्याला काय उत्तर देऊ? चिडणार नाही, पण ‘बाबा रे, अजून थोडे पाहा, थोडे वाच’ एवढे तरी नक्कीच सांगू. मग तोच न्याय आपण स्वतःला का लावू नये?

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. महाविद्यालयात परदेशी चित्रपट जरूर दाखवावेत. पण दिवे लागताच सर्वांनी घरी पळू नये. इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्या देशाविषयी, तेथील कायद्याविषयी अर्धा तास बोलावे. मराठीच्या प्राध्यापकांनी आपल्या भाषेतले फारसी शब्द उलगडावेत. आणि आम्ही विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न विचारावा : हे असे का दाखवले आहे, आणि काय दाखवलेले नाही? अहमदच्या आजोबांसारखी माणसे आपल्याला कोणी समजावून सांगावी लागत नाहीत. पण घरातही डोक्यावरून न उतरणाऱ्या त्या रुमालाचे कारण मात्र विचारल्याशिवाय कळणार नाही.