खिदमत कागदावरही करावी लागते

समाजसेवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रमजानमधले रेशन किट येते, रक्तदान शिबिर येते, गोदावरीला पूर आला की मदतीला धावणारी पोरे येतात. ही सगळी खिदमत मोलाचीच आहे. पण आणखी एक खिदमत आहे, जिचा फोटो निघत नाही. एखाद्या मुलीच्या आजोबांचा शाळेतला जुना प्रवेश-निर्गम उतारा शोधणे, वंशावळ जुळवणे, शपथपत्र तयार करून घेणे, तारीख निघून जाण्याआधी अर्ज भरून देणे, या कामाला टाळ्या मिळत नाहीत. तरीही माझे स्पष्ट मत आहे की आज मराठवाड्यातल्या मुस्लिम तरुणाला सर्वांत जास्त गरज याच खिदमतीची आहे. तिचा धडा शोधायला आपल्याला लांब जायचेही कारण नाही. तो आपल्या जालना जिल्ह्यातूनच मिळाला आहे.

जालन्याचे शब्बीर अन्सारी हे नाव आजच्या किती तरुणांना माहीत आहे? मुस्लिम ओबीसी चळवळ उभी करणारा हा कार्यकर्ता. 1979 मध्ये नेमलेल्या मंडल आयोगाने 1980 मध्ये अहवाल दिला. 7 ऑगस्ट 1990 रोजी पंतप्रधान व्ही. पी. सिंह यांनी तो लागू करण्याची घोषणा केली आणि 16 नोव्हेंबर 1992 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओबीसींचे 27 टक्के आरक्षण वैध ठरवले. देशभर या प्रश्नावर रणकंदन चालू असताना आपल्या समाजात बहुतेकांना वाटत होते की हा हिंदूंच्या जातींचा आपसातला वाद आहे. त्या काळात अन्सारी यांनी समाजाला वेगळी गोष्ट सांगितली. कापड विणणारा मोमीन, कापूस पिंजणारा पिंजारी, फळे विकणारा बागवान, पान विकणारा तांबोळी, हे सगळे मागासवर्गीय आहेत आणि हा हक्क त्यांचाही आहे. त्यासाठी त्यांनी संघटना बांधली, विखुरलेल्या बिरादऱ्यांना एका मागणीवर आणले. दिलीप कुमार यांच्यासारखा मोठा कलावंत या चळवळीच्या पाठीशी उभा राहिला आणि सभांनाही आला. 1994 मध्ये महाराष्ट्र शासनाने मुस्लिम ओबीसींना सवलतींचा मार्ग मोकळा करणारा निर्णय काढला.

मुंबई-दिल्लीच्या नव्हे, जालन्याच्या माणसाने हे करून दाखवले, याचा आपल्याला अभिमान हवा. पण अभिमानापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. शासन निर्णय निघून तीस वर्षे उलटली, मग तो आपल्या मोहल्ल्यातल्या किती घरांत पोहोचला?

शहागडमध्ये दहावी-बारावीच्या निकालानंतर पोरे माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन येतात. गुण चांगले असतात, आधार कार्ड असते, उत्पन्नाचा दाखलाही असतो. जातीचा दाखला विचारला की शांतता पसरते. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुस्लिम’ लिहिलेले असते. आडनाव शेख. घरात विचारले तर कळते की पणजोबा पिंजारी होते, गावोगाव गाद्या भरायला जायचे. सगळ्या गावाला माहीत असलेली ही गोष्ट कागदावर मात्र कुठेच नसते. नियम असा आहे की ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. तो निकाल लागल्यावर आठ दिवसांत सापडत नाही. मग पोरगा खुल्या प्रवर्गातून अर्ज भरतो आणि फीचा आकडा पाहून बाप त्याला गॅरेजवर पाठवतो.

मुलींच्या बाबतीत तर हे नुकसान आणखी मोठे आहे. जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होईल. मुलगी हुशार आहे, शिकायची तिची इच्छा आहे, सरकार फी भरायला तयार आहे आणि अडते कुठे, तर एका उताऱ्यावर. ज्यांची जात मागासवर्गीयांच्या यादीतच नाही, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएसचा दाखला आहे. त्याचीही माहिती आपल्या घरांत फारच कमी आहे.

यावर काही वडीलधारे एक आक्षेप घेतात, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. ते म्हणतात, इस्लाममध्ये जात नाही, मग आपण जातीचा दाखला का काढायचा? मी त्यांना अदबीने सांगतो, की मशिदीच्या सफेत जात नाही हे खरेच आहे आणि ती तिथे कधीही येऊ नये. पण हा दाखला कोण उच्च आणि कोण नीच हे सांगत नाही. पिढ्यान्पिढ्या एकाच धंद्यात अडकल्यामुळे आमचे घराणे शिक्षणात मागे राहिले, एवढेच तो सांगतो. ते मागासलेपण खरे आहे. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार देशातले सुमारे 41 टक्के मुसलमान ओबीसी आहेत. कागदावर जात लपवल्याने ती समाजातून जात नाही, लग्न जुळवताना ती बरोबर आठवते. मग फक्त हक्क मागतानाच ती विसरायची, हा कुठला न्याय?

दुसरे म्हणणे असते की आपल्याला वेगळे मुस्लिम आरक्षणच हवे, तोवर हे तुकडे कशाला. मागणी जरूर करावी. 2014 मध्ये राज्याने 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला होता. उच्च न्यायालयाने त्यातला नोकरीचा भाग रोखला पण शिक्षणातला राहू दिला. तरीही पुढे त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. तो लढा लोकशाही मार्गाने चालूच राहील. पण यंदा बारावीला बसलेला मुलगा त्या लढ्याचा निकाल लागेपर्यंत थांबू शकत नाही. जो हक्क आज कायद्यात आहे, तो आजच घेतला पाहिजे.

खरे तर शहागडच्या माणसाला कागदाची किंमत समजावून सांगायची गरज नाही. 29 ऑगस्ट 2023 रोजी आपल्या इथूनच मराठा आरक्षणाचे आंदोलन पुढे पेटले. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात निजामकालीन दप्तरे उघडली गेली आणि कुणबी नोंदी शोधल्या गेल्या. एका जुन्या ओळीने नातवाचे भविष्य बदलू शकते, हे साऱ्या मराठवाड्याने पाहिले. त्या दप्तरांतले कितीतरी कागद उर्दूत आहेत. मराठी आणि उर्दू दोन्ही वाचू शकणारा तरुण आपल्या मोहल्ल्यात बसलेला आहे. त्याने ठरवले तर तो आपल्या आणि शेजारच्या मराठा बांधवांच्याही कामी येऊ शकतो.

तरुण मित्रांनो, म्हणून माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक मोहल्ल्यातून दोघांनी, शक्यतो एका मुलाने आणि एका मुलीने, हे काम नीट शिकून घ्यावे. सुरुवात बारावीनंतर नको, आठवी-नववीपासून करा. आजोबा, चुलत आजोबा कोणत्या शाळेत होते ते विचारा. ते शाळेत गेलेच नसतील तर जन्म-मृत्यूची नोंदवही, जमिनीचे जुने कागद पाहा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची जात पडताळणी झाली असेल तर ते प्रमाणपत्र फार कामाचे असते. म्हणजे एका पोराचे काम झाले की त्याच्या सगळ्या चुलत भावंडांची वाट सोपी होते. मात्र खोटा कागद कधीही जोडू नका. ते नाजायज तर आहेच, शिवाय पडताळणीत पकडले गेले तर मिळालेला प्रवेशही जातो.

अन्सारी यांनी आपले आयुष्य या प्रश्नाला दिले. प्रत्येकाकडून आयुष्य मागता येत नाही, पण आठवड्याचे दोन तास मागता येतात. जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातली आठवी ते बारावीची मुले मोजा, त्यांची नावे एका वहीत लिहा आणि प्रत्येक नावापुढे कोणता कागद आहे, कोणता नाही, तेवढे लिहा. पुढच्या जूनपर्यंत त्या वहीतल्या किती रिकाम्या जागा भरल्या, त्यावरून आपल्या खिदमतीचा हिशोब करू.