मोठ्या पेटीचं पोकळ प्रस्थ

आपल्याकडे आकाराला जो मान आहे तो अकलेला नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. लग्नपत्रिका मोठी तर घराणं मोठं, जावयाची गाडी मोठी तर जावई मोठा, चौकातला फलक मोठा तर त्यावरचा पुढारी मोठा. (त्याच फलकाच्या तळाशी टिकलीएवढ्या चौकोनांत जे कार्यकर्ते असतात, पैसे त्यांनीच भरलेले असतात, ही गोष्ट वेगळी.) आणि याच न्यायाने वाद्याची पेटी मोठी तर आवाज मोठा! बाकीचं सगळं मी अहमदपुरात राहून आजवर निमूटपणे सोसलं. हे शेवटचं मात्र सोसवत नाही. कारण त्यापायी आमच्या घरातल्या अकरा वर्षांच्या मुलीचं वाजवणं बंद पडायची वेळ आली.

ही मुलगी म्हणजे माझी नात. तिला गिटार हवी होती. आमच्या मेव्हण्यांनी हौसेने ती आणली आणि त्यांच्या हौसेला साजेशीच आणली. 'घ्यायची तर फुल साइजच घ्यावी दाजी, लेकरू काय, वाढतंच की!' हा त्यांचा युक्तिवाद. सदऱ्याच्या बाबतीत तो बरोबर आहे. सदऱ्याची बाही दुमडता येते. गिटारीची दुमडता येत नाही. नात ती घेऊन बसली म्हणजे समोरून तिचं कपाळ आणि खालून पायाची बोटं एवढंच दिसे. उजवा हात पेटीवरून पलीकडे न्यायचा तर खांदा कानाला लागे. पंधरा दिवसांत खांदा दुखायला लागला आणि घरच्या पंचांनी निकाल दिला : 'हिला गिटार जमत नाही. हात लहान आहेत. त्यापेक्षा अभ्यासाला बसवा.' आमच्या लातूर जिल्ह्यात 'नीट' हे आता क्रियाविशेषण राहिलेलं नाही, ती प्रवेशपरीक्षा झाली आहे; त्यामुळे कोणतंही लेकरू कोणत्याही कलेतून उठलं की सरळ तिच्याच दिशेने चालू लागतं.

आता मला सांगा, बूट चावला तर 'तुझा पाय लहान आहे, तू चालणं सोड' असं आपण कुणाला म्हणतो का? दुसरा बूट आणतो. मग गिटारीलाच वेगळा न्याय का?

म्हणून मी दुसरा बूट शोधायला निघालो. एका शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो आणि म्हणालो, 'पेटी लहान पाहिजे, पण आवाज भरलेला पाहिजे.' दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू 'पाऊस पडू द्या, पण चिखल नको' असं काही मागितलं आहे. मग त्याने खुंटीवरून एक गुलाबी गिटार काढली. वर फुलपाखरू चिकटवलेलं. अंगाला जाड प्लायवूड, त्यावर बोटभर वॉर्निश. वाजवली तर रिकामा तेलाचा डबा बरा! दुकानदार विजयी मुद्रेने म्हणाला, 'बघा, मी म्हणालो नव्हतो? लहान पेटीत आवाज येतच नाही.'

माझं भांडण आहे ते नेमकं या 'बघा'शी. आधी लहान म्हणजे खेळणं असं ठरवायचं, मग खेळणं म्हणून ती हलक्या मालाची करायची, मग ती वाजली नाही की दोष लहानपणावर ढकलायचा. आरोपीलाच उपाशी ठेवून मग 'हा अशक्तच आहे' असं सिद्ध करण्यासारखा हा प्रकार आहे.

लहान पेटीत आवाज येत नाही हे आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना सांगू नये. पोळ्याला बैलांपुढे जी हलगी वाजते तिची पेटी ती केवढी? चार बोटं रुंदीचं कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं. पण ती जाळावर शेकून एकदा कडकडली की शिवारापलीकडचा माणूस मान वर करतो. गोंधळ्याचं संबळ कमरेला बांधता येतं. शाहिराचं तुणतुणं काखेत मावतं, आणि त्याच्या एका तारेवर अख्खा पोवाडा उभा राहतो. आमच्याकडे शिवभजनात मन्मथस्वामींचे अभंग रात्रभर चालतात, तिथे एकतारी काही कुणाला क्रेनने आणावी लागत नाही.

मग ही मोठी पेटी आली कुठून? तिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या गिटारी मुळात लहानच असत. पुढे तारा पोलादी झाल्या, साथीला बँजोसारखी कर्कश मंडळी आली आणि गर्दीत ऐकू जावं म्हणून पेट्या फुगू लागल्या. १९१६ साली अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने एक दांडगी गिटार केली आणि तिला नाव दिलं 'ड्रेडनॉट'. हे नाव होतं १९०६ सालच्या इंग्रजांच्या एका युद्धनौकेचं! म्हणजे आज आपण दुकानात 'फुल साइज' म्हणून जी लेकराच्या मांडीवर ठेवतो, तिचं बारसं युद्धनौकेवरून झालेलं आहे. पुढे मायक्रोफोन आला, गर्दीवर मात करायला पेटी फुगवण्याचं कारण संपलं. पण पाहुणे उठून गेले तरी मांडव तसाच राहावा तशी ती पेटी राहिली, आणि आता तीच मूळ माप समजली जाते.

आवाज पेटीच्या आकारात नसून तिच्या छातीत असतो, हे स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस या कारागिराने १८६२ सालीच दाखवून दिलं होतं. त्याने एका गिटारीची पाठ आणि कुशी चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. फक्त वरची फळी उत्तम लाकडाची, पातळ आणि आतून नीट पट्ट्या मारलेली. आणि गिटार वाजली! ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. याच तोरेसने आपल्या इतर गिटारींची पेटी आधीच्यांपेक्षा थोडी वाढवली होती, हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण ड्रेडनॉटपुढे त्यासुद्धा सडपातळच. एरिक क्लॅप्टनने १९९२ साली 'अनप्लग्ड'मध्ये जगाला जी गिटार ऐकवली ती १९३९ सालची आणि ड्रेडनॉटहून आटोपशीर पेटीची होती. २००४ साली लिलावात तिला ७,९१,५०० डॉलर मिळाले. आकारावर भाव ठरत असता तर त्या पैशात लोकांनी कपाट घेतलं असतं.

आमचे मेव्हणे विज्ञानाचे पदवीधर आहेत. ते म्हणाले, 'पण दाजी, खर्ज? लहान पेटीत खर्ज कुठून येणार?' प्रश्न रास्त आहे. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, आणि पेटीतली हवा लहान असली की ती एवढ्या खाली घुमत नाही; तिचं घुमणं थोडं वर सरकतं. तेव्हा ढगांचा गडगडाट पाहिजे असेल तर लहान पेटीच्या वाटेला जाऊ नये. पण मोठा आवाज आणि भरलेला आवाज या दोन गोष्टी आहेत. तार एकच स्वर देत नाही. मूळ स्वर आणि त्यावर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर देते. ते उपस्वर स्वच्छ आले की खालचा मूळ स्वर क्षीण असला तरी कान तो आपल्या पदरचा भरून घेतो. मुठीएवढ्या ट्रान्झिस्टरवर परभणी आकाशवाणीचं गाणं ऐकताना तबल्यातला डगा आपल्याला ऐकू यायचाच ना? त्या टीचभर स्पीकरमधून तो पुरता बाहेरही पडत नसे. तो आपला कान वाजवत होता! मिरजेचा तंबोरा करणारा कारागीर घोडीवर जवारी काढतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, तो याच उपस्वरांसाठी. भोपळा मोठा असून जवारी बिघडलेली असेल तर तंबोरा नुसता भोपळाच राहतो.

माणसांतही हेच. कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयाने निकामी झालं होतं. पेटी निम्मी झाली म्हणून ते गप्प बसले असते, तर आपण कशाला मुकलो असतो याचा हिशेब मेव्हण्यांनी मांडून दाखवावा.

तेव्हा लहान गिटार घेणाऱ्यांनी दुकानात दबू नये. चार गोष्टी बघाव्यात. पहिली, वरची फळी. गोल भोकाच्या कडेला नीट पाहा. वरच्या लाकडाच्या रेषा सरळ जाडीत उतरत असतील तर फळी अखंड, आणि चिवड्यातल्या थरांसारखे थर दिसले तर प्लायवूड. दुसरी, मान पेटीला कुठे मिळते. बाराव्या पट्टीपाशी मिळत असेल तर तारांची घोडी पेटीच्या मोकळ्या, रुंद भागाकडे सरकते आणि आवाजाला गोलाई येते. तिसरी, जोरात वाजवून बघू नये. जोरात तर डबाही वाजतो. एकेक तार हळू छेडावी आणि स्वर किती वेळ जिवंत राहतो ते मोजावं. चौथी, वाजवायला दुसऱ्याला बसवावं आणि आपण समोर उभं राहावं, कारण गिटारीचा आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याच्या पोटाकडे नाही.

अशी गिटार मला अखेर मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला मिळाली. रुंदीला चौदा इंचांच्या आसपास. (ड्रेडनॉट साडेपंधराच्याही पुढे जाते.) दिसायला साधी, रंग सुतारकामाचा, फुलपाखरू नाही. मी ती घरी आणली आणि कुणाला काही न सांगता नातीच्या हातात दिली. मेव्हणे बाहेरच्या खोलीत चहा पीत होते. दोन-तीन झंकार ऐकून तिथूनच ओरडले, 'बघा दाजी! मोठीच वाजवलालीय का नाही? आवाज कसा भरून यालालाय!' मी उत्तर दिलं नाही. विज्ञानाच्या पदवीधराचा एवढा निर्भेळ पुरावा पुसून टाकणं बरं दिसलं नसतं.

पण माझा वाद मेव्हण्यांशी संपत नाही, आणि गिटारीशी तर मुळीच नाही. 'लहान आहे, चालून जाईल' या वृत्तीशी तो आहे. तालुक्याचं गाव म्हणजे लहान, म्हणून तिथलं वाचनालय तीन कपाटांचं चालतं. मूल लहान, म्हणून त्याला प्लायवूड चालतं. मुलगी लहान, म्हणून तिचा खांदा दुखला तर वाद्य तपासायचं नाही, मुलगीच तपासायची. आणि मग एवढं सगळं हलक्या मालात उरकून झाल्यावर आपणच कानाला हात लावून विचारायचं, की या लहान गावांतून मोठे आवाज का येत नाहीत?

येतात. फळी तेवढी अखंड द्या.