पाच डॉलरची पेटी

आमच्या मिनेसोटात मे महिना आला की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक, वॉलाय माशाचा सीझन. दुसरी, गराज सेल. लोक गाड्या बाहेर काढतात, गराजमध्ये टेबलं मांडतात आणि घरातलं नको असलेलं सगळं पन्नास सेंटपासून पुढे विकायला ठेवतात. आणि मी, आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस, शनिवारी सकाळी सातला थर्मासमध्ये चहा भरून दुसऱ्यांच्या गराजमधले गळ शोधत हिंडतो. "निघाले भंगारवाले!" इति बायको.

म्हणू दे. लहानपणी मालवणला मामाबरोबर गरवायला जायचो, तेव्हा वेळूची काठी, दोरी, गरी आणि आमिषाला कोळंबी एवढाच सरंजाम असायचा. इथे दुकानात बरा रॉड आणि रील घ्यायचं तर शंभरेक डॉलर सहज जातात. गराज सेलमध्ये तेच काम दहात होतं. शिवाय जुनी रील्स दणकट असतात. माझ्याकडचं एक झेबको ३३ आहे. हे मॉडेल १९५४ सालचं. ही कंपनी आधी तेलविहिरींसाठी बॉम्ब बनवायची! नावच मुळी 'झीरो अवर बॉम्ब कंपनी'. १९४९ मध्ये त्यांनी पहिलं रील काढलं आणि पुढे बॉम्ब मागे पडून झेबको हे नाव राहिलं. माझं रील मी तीन डॉलरला घेतलं, उघडून जुनं ग्रीस पुसलं, नवं लावलं, झालं. लेगसी कोडसारखंच, चालतंय तर उगाच बदलू नये :-)

कोणाला हा नाद लागलाच तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. रॉडवरच्या कड्यांमधून कान कोरायची कापसाची काडी फिरवून बघा. कापूस अडकला तर कडं तडकलंय, ते दोरी कापणार. रीलचा दांडा फिरवा, खरखर आली तर सोडून द्या. रीलवरची जुनी नायलॉनची दोरी कितीही चांगली दिसली तरी फेकून द्या, ऐन मोठ्या माशाला ती तुटते. आणि पेटीतली शिशाची वजनं वापरू नका. आमच्या राज्याचा पक्षी लून, तो खड्यांबरोबर ती गिळतो आणि शिशाच्या विषाने मरतो.

हे झालं माल पारखण्याचं. पण मला आज सांगायचंय ते वेगळंच.

काही वर्षांपूर्वी एका आजीबाईंच्या सेलमध्ये गेलो होतो. नवरा वारलेला, घर विकायला काढलेलं. टेबलावर त्याची मासेमारीची पेटी होती, वर 'सात डॉलर'चा स्टिकर. मी घासाघीस करून पाचला घेतली. घरी येऊन वरचा कप्पा उचलला तर खाली तीन लाकडी लूर्स. लूर म्हणजे माशाला फसवायचा खोटा मासा. काचेचे डोळे, हाताने दिलेला रंग. मिशिगनमधल्या डोवाजॅक गावच्या हेडन कंपनीची जुनी करामत. ऑनलाइन लिलावात बघितलं, तसलंच एक दीडशे डॉलरला गेलं होतं.

आधी नाचलो, मित्राला फोन केला. रात्री मात्र झोप येईना. सातचे पाच मीच केले होते ना! पुढच्या शनिवारी लूर्स घेऊन परत गेलो. घर रिकामं. आजीबाई मुलाकडे राहायला गेल्या होत्या, कुठल्या गावी ते शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

मित्राचं म्हणणं, "अरे, किंमत त्यांनीच लावली. तुला माहिती आहे ती तुझी मेहनत. गूगल त्यांच्याकडेही आहे." मुद्दा अगदीच चूक नाही. जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्याशी असा व्यवहार मी आजही बिनधास्त करीन. तो रोज हेच करतो, आज तो फसला तर उद्या मी. पण गराजमधला माणूस व्यापारी नसतो. त्याला धंदा करायचा नसतो, घर मोकळं करायचं असतं, आणि बऱ्याचदा त्याच आठवड्यात त्याच्या आयुष्यातलं काहीतरी संपलेलं असतं. तिथे आपल्याला माहीत असलेलं दडवणं म्हणजे हुशारी नव्हे. सरळ भाषेत त्याला लबाडी म्हणतात.

म्हणून आता माझा नियम साधा आहे. पेटी विकणाऱ्याच्या समोर उघडायची आणि काय आहे ते सांगायचं. यात आपलं नुकसान होतं असं तुम्ही म्हणाल. थोडं होतंही. पण गेल्या वर्षी एका आजोबांना सांगितलं की तुमचं हे फ्रान्समध्ये बनलेलं मिचेल ३०० आहे, तीन डॉलर फार कमी होतात. ते म्हणाले, "माहितीय मला. कपाटात ठेवणार की मासे धरणार?" धरणार म्हटलं. मग तीनलाच दिलं, वर कुठल्या तळ्यात कुठल्या कोपऱ्यात जायचं तेही सांगितलं. मी दहा ठेवून आलो.

ती तीन लूर्स अजून माझ्या खणात आहेत. विकवत नाहीत आणि पाण्यात टाकवतही नाहीत. असो. उद्या शनिवार, थर्मास धुवून ठेवायला हवा.