स्पोर्ट्स बाइकची हवा थंड टायरवरच मोजा!

एप्रिलिया आरएस ४५७ ही स्पोर्ट्स बाइक बारामतीतल्या पियाजिओच्या कारखान्यात तयार होते. मात्र, अशा बाइकचे मालकही पंपावर ‘पुढे-मागे ३० भर’ म्हणून मोकळे होतात. हवा कमी असेल तर हँडल जड होते, टायर तापतो. जास्त असेल तर टायर रस्त्याला कमी टेकतो, पकड घटते. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढतो. त्यामुळे इंदापूरहून बारामतीला पोहोचताच मोजलेला आकडा फसवा असतो. तो पाहून हवा सोडली, तर थंड टायरमध्ये ती कमीच भरते. म्हणून स्वतःचे गेज ठेवा, सकाळी निघण्यापूर्वी मोजा आणि कंपनीच्या पुस्तिकेतला आकडाच पाळा. वळणावर अचानक उसाची ट्रॉली समोर आली, तर मदार त्याच पकडीवर असते.