पाठांतर, मौन आणि आपला न्याय

स्वमग्न मुलासंबंधी आपल्या समाजात दोन मते प्रचलित आहेत आणि दोन्ही सारखीच निराधार आहेत. चार वर्षांच्या मुलाने अथर्वशीर्ष अडखळल्यावाचून म्हटले की एक पक्ष हात जोडतो, पूर्वजन्मीचा संस्कार म्हणतो आणि त्याला सभामंडपात सर्वांपुढे उभे करतो. त्याच मुलाला "बाळ, तुझे नाव काय?" असे विचारावे आणि ते गप्प राहावे, की दुसरा पक्ष म्हणतो, "पोपटपंची आहे झाले. आत काही नाही." पुष्कळदा हे दोन्ही निकाल एकच गृहस्थ एकाच सायंकाळी देतात. ज्याच्यावर निकाल दिला त्याचे म्हणणे मात्र कोणीच ऐकून घेतलेले नसते. वकिली करणाऱ्या माणसास हा न्याय कसा मान्य व्हावा?

माहिती साठवणे, तिची जोडणी करणे आणि मागताक्षणी ती बाहेर काढणे या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत. तिसरी जमली नाही म्हणून पहिली झालीच नाही असे आपण ठरवितो. सारा अन्याय येथून सुरू होतो.

या विषयातील पहिली साक्ष पाहा. बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून ऑटिझम ही स्वतंत्र अवस्था म्हणून वैद्यकशास्त्रात ओळखली जाऊ लागली. त्यांतील पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातील डोनाल्ड ट्रिपलेट. त्याचे वडील वकील होते. मुलाविषयी त्यांनी डॉक्टरांना तेहतीस पानांचे टिपण लिहून धाडले होते. अगदी लहान वयातच डोनाल्डला ख्रिस्ती धर्मशिक्षणाची पंचवीस प्रश्नोत्तरे मुखोद्गत होती. परंतु "हो" हा साधा शब्द त्याला निराळ्याच अर्थाने ठाऊक होता. "हो म्हणालास तर खांद्यावर घेईन," असे वडील एकदा म्हणाले. तेव्हापासून "हो" याचा अर्थ "मला खांद्यावर घ्या" एवढाच झाला. त्या प्रसंगापासून शब्द सुटा होण्यास पुढे कित्येक महिने लागले. स्मरणात उणीव नव्हती. शब्द ज्या प्रसंगासह आला त्या प्रसंगासहच तो साठविला गेला होता.

लंडनमध्ये बेआटे हर्मेलिन आणि नील ओ'कॉनर यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रयोग केले. सामान्य मुलांना विस्कळीत शब्दांपेक्षा अर्थपूर्ण वाक्य कितीतरी सहज आठवते. स्वमग्न मुलांना अर्थाचा तितका आधार होत नाही, असे त्यांना आढळले. पुढे डर्मट बोलर यांनी दाखविले की आपण होऊन आठवण्यास सांगितले असता जी अडचण दिसते, ती आरंभीचा शब्द सुचविला अथवा अनेकांतून ओळखावयास सांगितले की पुष्कळ कमी होते. सर्वच स्वमग्न मुले असामान्य स्मरणाची असतात असे मुळीच नव्हे. काहींना बौद्धिक मर्यादाही असतात आणि काही बोलतच नाहीत. परंतु कोणते मूल कसे आहे हे गप्प बसण्यावरून ठरत नाही, हे निश्चित.

आपल्या परंपरेला तरी ही गोष्ट अपरिचित नसावी. अमरकोशात शब्द वर्गावर्गांत बसविले आहेत. तेथे अर्थ हाच दुवा. घनपाठात पदे एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन अशा ठरीव क्रमाने पुढेमागे फिरतात. तेथे क्रम हाच दुवा. घनपाठी वैदिकास मधलेच एक पद विचारले आणि तो मनात मागून म्हणत त्या पदापर्यंत आला, तर त्याला कोणी मंदबुद्धी म्हणत नाही. या वेदपठणाच्या परंपरेचा युनेस्कोने २००३ साली गौरव केला तेव्हा आपली छाती फुगली. क्रमाच्या आधारे आठवणारे मूल आपल्या घरी जन्मले की मात्र आपली मान खाली जाते. हा कोणता तर्क?

यावर आक्षेप येईल की सर्वांना एकच प्रश्न, एकच वेळ, हीच खरी समता. न्यायालयाचा अनुभव याच्या उलट आहे. साक्षीदारास स्वतः त्याच वेळी केलेले टिपण पाहून स्मरण ताजे करण्याची मुभा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने दिली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. ज्याला बोलता येत नाही त्याची साक्ष लेखी अथवा खुणांनी घेता येते. प्रौढ माणसाच्या स्मरणाला कायदा हात देतो आणि त्यामुळे सत्य बुडाले अशी ओरड कोणी करीत नाही. सहा वर्षांच्या बालकाला पहिला शब्द सुचविला तरच कोठे आभाळ कोसळते?

मी हे कोसाडहून लिहितो. तापीच्या उत्तरेस, मुंबई-बडोदे लोहमार्गावरील ही सुरतेची वस्ती. समजा, येथील एका खानदेशी कुटुंबातील मुलाला उत्राण, कोसाड, गोठणगाम, सायण ही स्थानके क्रमाने पाठ आहेत; पण "तू कोठे राहतोस?" याला त्याच्यापाशी उत्तर नाही. घरी अहिराणी, पुस्तकात मराठी, रस्त्यावर गुजराती. एकच वस्तू तीन नावांनी येते आणि प्रत्येक नाव आपापल्या प्रसंगाला चिकटून बसते. गोव्यात घरी कोंकणी, देवळात मराठी आणि शाळेत इंग्रजी असते, तेथेही हीच अडचण. गुजरात विधानसभेने २०२३ साली पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली. त्या धोरणाशी माझे भांडण नाही. परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम १७ त्याच्या शेजारी ठेवून वाचावयास हवे. अशा विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, परीक्षेस अधिक वेळ आणि लेखनिक यांची तरतूद शासनाने करावी, असे ते सांगते. स्वमग्नता या अधिनियमात स्पष्ट शब्दांत अंतर्भूत आहे. वाजवी सोय ही कृपा नसून समतेचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार यांच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले.

तरीही प्रवेशाच्या वेळी मुलाला समोर बसवून रंग, फळे आणि नाव विचारण्याची चाल सुटत नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम १३ ने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाची अशी चाळणी लावण्यास मनाई केली आहे. पहिल्या अपराधास पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढील प्रत्येकास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. वेदपाठशाळा व अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याबाहेर आहेत. इतरांना ही सबब नाही.

डोनाल्डला प्रथम घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले. पुढे तो एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. मोजण्याचे त्याचे वेड पाहून त्या शेतकऱ्याने त्याला विहीर खोदून तिची खोली मोजावयास लावली. १९५८ साली तो पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, जग हिंडला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी निवर्तला. तो संस्थेतच राहिला असता, तर "आत काही नाही" हा निकाल कायम झाला असता.

आपल्या देवस्थानांच्या व समाजमंडळांच्या विश्वस्तांकडे माझे मागणे एवढेच आहे. आपल्या शाळांतून मुलाखतीची चाल बंद करा. प्रश्न तोंडी विचारलात तर तो लिहून अथवा चित्रातूनही विचारा आणि बोट ठेवून दिलेले उत्तर ग्राह्य धरा. गणेशोत्सवातील पाठांतराच्या स्पर्धेत मूल थांबले तर पुढचा शब्द सांगा, अथवा त्याला आरंभापासून म्हणू द्या, आणि गुण कापू नका. उत्सवाचा दिनक्रम चित्रांनी दारावर लावा. याला निधी लागत नाही. येत्या सभेत एक ठराव पुरे आहे.